शेतकऱ्याने मोबाईल कोणता घ्यावा?

कागल तालुक्यातील मुरगूड आणि भोवतालची वेदगंगेच्या खोऱ्यातील गावे यांचा संसार प्रामुख्याने ऊस व दूध यांवर चालतो. ऊस बिद्री किंवा हमिदवाडा येथील कारखान्याकडे गेला आणि त्याचे बिल बँकेत जमा झाले की, वर्षभर लांबणीवर टाकलेल्या खरेदीचा विचार घरोघरी सुरू होतो. अलीकडे या खरेदीत मोबाईलचा समावेश हटकून असतो. घरचा कर्ता वीस हजार रुपये बाजूला काढतो. महाविद्यालयात शिकणारा मुलगा आयफोनचा आग्रह धरतो. दुकानदार अँड्रॉइडचे चार-पाच नमुने पुढे ठेवतो. अशा वेळी निवड केवळ शोभा पाहून झाली, तर तिचा भुर्दंड पुढील अनेक वर्षे सोसावा लागतो.

जमीन पाहून वाण निवडावा, हे शेतकऱ्यास नव्याने सांगावयास नको. सर्वसाधारण जमिनीत को-८६०३२ हा ऊस चांगला साधतो. चोपण व क्षारपड जमिनीत मात्र फुले-२६५ अधिक तग धरतो. यांपैकी एक वाण सर्वस्वी श्रेष्ठ व दुसरा कनिष्ठ, असे कोणी म्हणत नाही. मोबाईलच्या दोन प्रणालींविषयीही हीच दृष्टी ठेवणे हितावह आहे.

प्रथम कामाची यादी करावी

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः आपल्या शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे व पिकाची नोंद सातबाऱ्यावर व्हावयाची, अशी ही पद्धत आहे. पीककर्ज, विमा आणि आपत्तीनंतरची भरपाई या कामी ही नोंद उपयोगी पडते. २०१९ च्या ऑगस्टमधील व २०२१ च्या जुलैमधील महापूर कोल्हापूर जिल्ह्याने अनुभवले आहेत. पीक पाण्याखाली गेल्यावर कागदोपत्री नोंद नसणे किती महागात पडते, हे नदीकाठच्या शेतकऱ्यास वेगळे समजावण्याची गरज नाही. यास्तव स्थाननिश्चिती अचूक करणारा आणि भर उन्हात पडदा स्पष्ट दिसणारा मोबाईल ही चैन नसून शेतीची गरज आहे.

ई-पीक पाहणीचे ॲप अँड्रॉइडच्या प्ले स्टोअरवर मिळते. आयफोन घेऊ इच्छिणाऱ्याने ते त्यावर उपलब्ध आहे की नाही, याची खात्री पैसे देण्यापूर्वीच करून घ्यावी. हवामान व पीकसल्ला देणारे ‘मेघदूत’ आणि विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ ही ॲपे दोन्ही प्रणालींवर चालतात. सातबारा संकेतस्थळावरून पाहता येत असल्याने त्यासही प्रणालीचे बंधन नाही. बँकेचे व्यवहारही दोहोंवर होतात. तात्पर्य, शेतीच्या कामांपुरते पाहता आयफोनवाचून अडेल असे काही नाही.

किंमत उसात मोजावी

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने १०.२५ टक्के उताऱ्यास टनामागे ३,५५० रुपये हा उसाचा रास्त व किफायतशीर दर ठरविला. तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा करण्यापूर्वीच्या या दराने वीस हजारांचा मोबाईल म्हणजे साडेपाच टनांहून अधिक ऊस होय. २०२५ च्या फेब्रुवारीत आलेल्या आयफोन १६-ई ची आरंभीची किंमत ५९,९०० रुपये होती. म्हणजे सुमारे सतरा टन ऊस. मध्यम खर्चाची मर्यादा पाळावयाची तर नवा आयफोन या हिशेबात बसत नाही. हप्त्यांवर तो घेता येतो हे खरे. परंतु उसाचे पैसे वर्षातून मोजक्या वेळी येतात आणि हप्ता मात्र दरमहा भरावा लागतो. पीककर्जाची रक्कम तर या कामी मुळीच वळवू नये.

आयुष्य किती, हे विचारावे

स्वस्त मोबाईल नेहमीच स्वस्त पडतो असे नाही. मोबाईलची प्रणाली काही वर्षे सुधारली जाते व तिच्यातील सुरक्षेचे दोष दूर केले जातात. हा पुरवठा थांबल्यावर यंत्र चालू राहिले, तरी बँकेच्या व्यवहारास ते हळूहळू असुरक्षित होते. बारा हजारांचा मोबाईल दोनच वर्षे सुधारणा मिळवीत असेल, तर वर्षाचा खर्च सहा हजार येतो. वीस हजारांच्या मोबाईलला पाच वर्षे सुधारणा मिळत असतील, तर तो चार हजारच पडतो. आयफोनची ख्याती या बाबतीत चांगली आहे. २०१८ मधील आयफोन एक्सएस २०२५ पर्यंत नव्या प्रणालीस पात्र राहिला. तथापि अँड्रॉइडमध्येही आता सुधारणा झाली आहे. सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी ए-१६ ५-जी या मध्यम किमतीच्या मोबाईलसाठी सहा वर्षांची हमी जाहीर केली. सर्वच कंपन्या इतकी हमी देत नाहीत. म्हणून प्रत्येक नमुन्याची मुदत स्वतंत्रपणे विचारावी.

प्रणालीच बंद पडल्यास काय होते, याचे उदाहरण विंडोज फोनचे आहे. एके काळी नोकियाचे लुमिया मोबाईल आपल्याकडे पुष्कळ खपले. पुढे प्रणालीचा प्रसार खुंटला, ३१ डिसेंबर २०१९ नंतर त्यांवर व्हॉट्सॲप चालेनासे झाले आणि चांगली यंत्रे हाती असूनही निरुपयोगी ठरली. अँड्रॉइड व आयफोन या दोन्ही प्रणालींचा पसारा आज मोठा असल्याने असा धोका नजीकच्या काळात संभवत नाही. धोका आहे तो सुधारणांची मुदत संपत आलेला जुना नमुना घेण्यात.

वापरलेला आयफोन घेताना

मुलाच्या आग्रहाखातर वापरलेला आयफोन घेण्याचा विचार असल्यास चार गोष्टी तपासाव्यात. तो कोणत्या वर्षाचा आहे, म्हणजे सुधारणांची किती वर्षे उरली आहेत. बॅटरीची क्षमता किती शिल्लक आहे. पूर्वीच्या मालकाचे खाते त्यातून काढले आहे काय. आणि तो चोरीचा तर नाही ना. *#०६# दाबल्यावर दिसणारा आयएमईआय क्रमांक ‘संचार साथी’ या शासकीय संकेतस्थळावर पडताळता येतो. पक्की पावती घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत. आयफोन १४ पर्यंतच्या नमुन्यांस घरातील सर्वसाधारण टाइप-सी वायर चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मुरगूडसारख्या गावी राहणाऱ्या, वीस हजारांपर्यंत खर्च करू शकणाऱ्या शेतकऱ्यास दीर्घ मुदतीच्या सुधारणांची हमी असलेला नवा अँड्रॉइड मोबाईलच सामान्यतः सोयीचा ठरेल. घेण्यापूर्वी दुरुस्ती कोठे होते आणि फुटलेल्या पडद्यास काय खर्च येतो, हे दुकानदारास विचारावे. पाणी व चिखल यांपासून संरक्षण असलेला नमुना असल्यास उत्तम. रात्री मोटार सुरू करावयास जाणाऱ्या माणसाच्या खिशात तो राहावयाचा आहे. ज्याचा मोबाईल आज सुस्थितीत आहे, त्याने मात्र खरेदीची घाई करू नये. ई-पीक पाहणीत एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. भावकीतील एका चांगल्या मोबाईलवर सर्वांच्या पिकांची नोंद वेळेत झाली, तर वाचलेली रक्कम पुढील लागणीच्या बेण्यास व खतास उपयोगी पडेल.