एक किचन, दोन वजनकाटे

'किती उतरलं?'

ठाण्याला ताईकडे, म्हणजे माझ्या मावसबहिणीकडे गेलं की पूर्वी पहिला प्रश्न असायचा, 'चहा की कॉफी?' गेल्या काही महिन्यांत तो बदललाय. शेजारच्या काकूंपासून कुरिअरवाल्यापर्यंत (कुरिअरवाल्याचं जरा वाढवून सांगतेय, पण फार नाही) जो येतो तो चपला काढता काढता विचारतो, 'मग? किती उतरलं?'

आणि या प्रश्नाची त्या घरात दोन उत्तरं आहेत. कारण ताई आणि तिची धाकटी जाऊ, दोघींनीही बॅरिअॅट्रिक सर्जरी केली. हॉस्पिटल एकच, सर्जन एकच, ऑपरेशनही एकच, 'स्लीव्ह'. आधी ताई, मग तीन आठवड्यांनी जाऊबाई. घरी आल्यावर दोघींचं मुगाच्या डाळीचं पाणी एकाच कुकरमध्ये, ताक एकाच रवीखाली. सहा महिन्यांनंतरचा स्कोअर? ताई 22 किलो. जाऊबाई 34 किलो.

फ्रिजवर मॅग्नेटखाली एक कागद होता. दोन रकाने, दर सोमवारी दोन आकडे. सुरुवातीला तो कागद म्हणजे सॉलिड मजा होती. दोघी एकमेकींना चिडवायच्या, हरणारीने रविवारी भांडी घासायची वगैरे. तिसऱ्या महिन्यापासून चिडवणं बंद झालं. पाचव्या महिन्यात सासूबाईंनी, अगदी सहज, भाजी निवडता निवडता विचारलं, 'अगं, तुझंच का उतरत नाहीये? मधूनमधून काही तोंडात टाकतेस का?'

ताई काहीच बोलली नाही. त्या रात्री तिने प्रोटीन शेक सिंकमध्ये ओतला. दुसऱ्या दिवशी रात्रीचं जेवणही सोडलं.

ठाणे स्टेशन, सकाळी 8.40

हे सगळं मला नंतर कळलं. मला आधी कळलं ते फोनवर. 'ताई प्लॅटफॉर्मवर चक्कर येऊन पडली' असा भाऊजींचा फोन आला तेव्हा मी वांद्र्याला एका मुलाखतीसाठी बसले होते. दोन बायकांनी तिला धरलं म्हणून ती रुळांच्या बाजूला गेली नाही. लेडीज डब्यात धक्काबुक्की करणाऱ्या बायका अशा वेळी कशा धावतात, यावर कधीतरी वेगळं लिहीन.

संध्याकाळी मी घरी पोहोचले तेव्हा ती पलंगावर बसून केस विंचरत होती. कंगव्यात केसांचा गुंता. 'हे बघ,' ती म्हणाली, 'हे मात्र भरपूर उतरतंय.' मी हसले आणि मग हसल्याचं वाईट वाटलं.

दोन आठवडे ती दिवसाला जेमतेम 20-25 ग्रॅम प्रोटीनवर होती. ऑपरेशननंतर सर्वसाधारणपणे निदान 60 ग्रॅम तरी पोटात जायला हवं. जोडीला बी-12, लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी या गोळ्या आयुष्यभर. ताईने त्याही 'कशाला उगाच' म्हणून अर्ध्यावर आणल्या होत्या. कारण डोक्यात एकच हिशेब होता, कमी खाल्लं की जास्त उतरेल आणि जास्त उतरलं की जाऊबाईंना गाठता येईल.

आता प्रामाणिकपणे सांगा, हा हिशेब तुमच्या ऑफिसात कधी झाला नाही? आमच्या एका मैत्रिणीच्या कंपनीत एचआरने वेट-लॉस चॅलेंज काढलं होतं. फायनलच्या आधी दोन दिवस पाणी न पिता फिरणारे महाभाग तिथे निघाले. फरक इतकाच, की त्यांच्या पोटाला कोणी हात लावलेला नव्हता. स्लीव्हमध्ये जठराचा 75 ते 80 टक्के भाग कायमचा काढून टाकतात. उरते ती केळ्याएवढी नळी. भुकेचं हार्मोन, घ्रेलिन, मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे भूकही मंदावते. म्हणजे उपाशी राहणं अशा माणसाला भयंकर सोपं जातं. पोट कुरकुर करून 'खा गं बाई' म्हणत नाही. धोका नेमका तिथेच आहे.

आकड्यांचा घोळ

पुढच्या फॉलो-अपला मी ताईबरोबर गेले. डॉक्टर रागावतील या तयारीने ती गप्प बसली होती. डॉक्टरांनी रागवायच्या ऐवजी तिच्याच फाइलच्या पाठीवर गणित मांडलं. जाऊबाईंना विचारून त्यांचेही आकडे घेतले होते.

ताईची सुरुवात 104 किलोवर, जाऊबाईंची 131 वर. 22 आणि 34 हे आकडे शेजारी ठेवले तर 12 किलोंचा फरक दिसतो. पण सुरुवातीच्या वजनाच्या टक्क्यांत बघा. ताई 21 टक्के, जाऊबाई 26 टक्के. आता तिसरा हिशेब. उंचीच्या मानाने बीएमआय 25 धरला तर 155 सेंटिमीटर उंचीच्या ताईचं वजन 60 किलो असायला हवं, म्हणजे जादा होतं 44. त्यातले 22 गेले, बरोबर अर्धे. जाऊबाई 163 सेंटिमीटर. त्यांचं जादा वजन साधारण 65 किलो, त्यातले 34 गेले. म्हणजे 52 टक्के.

50 आणि 52! याच्यासाठी बाई प्लॅटफॉर्मवर पडली.

ताईने तो कागद दोनदा उलटसुलट करून बघितला. बँकेत एकोणीस वर्षं काढलेली बाई आहे, टक्केवारीत तिला कोणी फसवू शकत नाही. 'पण तरी ती पुढेच आहे ना?' एवढं मात्र ती म्हणालीच.

आहे. आणि ते का, याची कारणं डॉक्टरांनी जशी सांगितली तशी मला भलतीच इंटरेस्टिंग वाटली. ताई 44 वर्षांची, जाऊबाई 33. ताईला नऊ वर्षं डायबेटिस, त्यातली तीन वर्षं इन्शुलिनवर. डायबेटिस असलेल्यांचं वजन सर्जरीनंतर सरासरीने कमीच उतरतं, जगभर हे दिसलेलं आहे. वय, ऑपरेशनआधीचं वजन, चालू असलेली औषधं, स्नायू किती, झोप किती, सगळ्याचा थोडा थोडा हात असतो. ऑपरेशनच्या प्रकाराचाही. फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि बायपासची समोरासमोर तुलना झाली, तिचे पाच वर्षांचे निकाल 2018 साली आले. जादा वजनातलं सरासरी 49 टक्के स्लीव्हमध्ये गेलं, 57 टक्के बायपासमध्ये. पण ही सरासरी. अमेरिकेत अनेक हॉस्पिटलांनी मिळून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात, 2013 साली, एकट्या बायपासच्या पेशंटचेच पाच वेगवेगळे आलेख निघाले. ऑपरेशन तेच, तीन वर्षांत वाटा पाच.

आणि आता माझा लाडका मुद्दा. बॉस्टनच्या डॉक्टरांनी 2011 साली बायपास केलेल्यांच्या जोड्या लावून बघितल्या. काही जोड्या सख्ख्या नात्यातल्या, म्हणजे आई-मुलगी, बहीण-भाऊ अशा. काही जोड्या एका घरात राहणाऱ्या, पण रक्ताचं नातं नसलेल्या. जोड्या मोजक्याच होत्या, पण निकाल बघा. रक्ताच्या नात्यातल्या दोघांच्या वजन उतरण्यात सरासरी 9 टक्क्यांचा फरक. एका घरात, एका स्वयंपाकावर राहणाऱ्या परक्या दोघांत 26 टक्क्यांचा! रस्त्यावरून कोणतीही दोन माणसं उचलून जोडी लावली तर जेवढा असेल जवळजवळ तेवढाच.

थोडक्यात, एका कुकरमधलं डाळीचं पाणी प्यायल्याने जावा-जावांचं वजन सारखं उतरत नाही. हे मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, 'म्हणजे माहेरचा दोष?' मी विषय बदलला.

फास्ट ट्रॅकवालीचं काय?

तुम्हाला वाटेल जाऊबाई या गोष्टीतल्या व्हिलन आहेत. अजिबात नाही. उलट त्यांच्याशी बोलल्यावर मला कळलं, की फ्रिजवरच्या त्या कागदाने त्यांचाही छळच मांडला होता. 'वहिनींच्या समोर काट्यावर उभं राहायची लाज वाटायची,' त्या म्हणाल्या. 'दोन-तीनदा तर मी आकडा वाढवून लिहिला. म्हणजे कमी उतरलं असं.'

शिवाय भराभर वजन उतरण्याची स्वतःची बिलं असतात. जाऊबाईंच्या दंडाची आणि पोटाची कातडी लोंबायला लागलीय, त्यासाठी त्या उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे कुडते घालतात. आणि मागच्या महिन्यात उजव्या बरगडीखाली कळा सुरू झाल्या. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. वजन झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी पहिले सहा महिने त्यासाठी गोळी देतात. जाऊबाईंना दिली होती. त्यांनी दोन महिन्यांत सोडली, 'एवढं छान चाललंय तर कशाला' म्हणून. म्हणजे एकीने गोळ्या सोडल्या वजन उतरत नाही म्हणून, दुसरीने उतरतंय म्हणून!

एक मात्र दोघींनाही आधी कोणी तरी घोकून घ्यायला हवं होतं. पहिल्या आठवड्यांत जे धाडकन उतरतं त्यात चरबीबरोबर पाणीही भरपूर असतं. मग एक दिवस काटा हटून बसतो. दोन-तीन आठवडे ढिम्म. शरीर लहान झालं की बसल्या जागी जाळणारी ऊर्जाही कमी होते, त्यामुळे वेग मंदावत जाणारच. बहुतेकांचं वजन वर्ष-दीड वर्षात तळाला पोहोचतं आणि पुढे थोडं परतही येतं. केस गळणं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होतं, खाणं नीट असेल तर पुन्हा येतात. ताईने खाणंच सोडलं होतं, म्हणून तिचा गुंता जरा जास्त मोठा.

आणि आपण मीडियावालेही काही कमी नाही. 2017 साली इजिप्तहून इमान अहमद मुंबईत उपचारांसाठी आली तेव्हा तिचं वजन किती किलोंनी कमी झालं, याच्या बातम्या आम्ही स्कोअरकार्डासारख्या छापल्या. पुढे त्या आकड्यांवरूनच तिच्या बहिणीचा आणि डॉक्टरांचा जाहीर वाद झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात अबुधाबीत ती गेली. तेव्हा मी कॉलेजात होते. रोज सकाळी पेपर उघडून आधी तो आकडा शोधायचे, हे कबूल करते.

फ्रिजवरचा नवा कागद

जुना कागद मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी निघाला. कोणी काढला ते कोणी सांगत नाही. माझा संशय सासूबाईंवर आहे. आता तिथे डाएटिशियनने दिलेला तक्ता आहे. सकाळी दोन अंड्यांचा पांढरा भाग, अकराला ताक, दुपारी पनीर किंवा मासा आधी आणि भाकरीचा चतकोर मग, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. दोघींच्या नावापुढे प्रोटीनचे ग्रॅम लिहायची जागा आहे, वजनाची नाही. काटा पंधरा दिवसांतून एकदा, आणि तोही हॉस्पिटलातला.

ताईचं इन्शुलिन ऑपरेशननंतर दुसऱ्याच महिन्यात डॉक्टरांनी बंद केलं होतं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट 9.2 वरून 6.2 वर आलीय. हे मला तिने कधी सांगितलंच नव्हतं. फाइलमध्ये दिसलं म्हणून कळलं. 'अगं, एवढी मोठी गोष्ट!' मी ओरडलेच. 'कोणी विचारलंच नाही,' ती म्हणाली.

जाऊबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी आहे. ताईने बँकेत दोन दिवसांची रजा टाकलीय. पहिला दिवस फक्त पाण्यासारखंच द्यायचं म्हणून ती आत्तापासूनच डाळ कोणती आणि मीठ किती, यावर जाऊबाईंशी वाद घालतेय.