घरपट्टीचा हिशेब तपासून घ्या



उसाच्या खेपेची काट्यावरची पावती आपण दोनदा वाचतो. घरपट्टीचं बिल मात्र न वाचताच भरतो.

२०१५ सालच्या नियमदुरुस्तीपासून ग्रामपंचायत भांडवली किमतीवर घरपट्टी आकारते. जागेचे क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर, अधिक बांधकामाचे क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा. या बेरजेला वापराचा भारांक लागतो. राहत्या घराला १, दुकानाला १.२५. येईल त्या किमतीवर हजारी ठरलेला कर.

समजा, जागा ६० चौरस मीटर, दर ५०० रुपये, झाले ३०,०००. बांधकाम ५० चौरस मीटर, दर १०,०००, घसाऱ्याचा गुणक ०.८०, झाले ४,००,०००. एकूण ४,३०,०००. हजारी १ रुपया कर धरला तर पट्टी ४३० रुपये. तेच बांधकाम चुकून ७० मीटर लिहिलं, तर ५९० रुपये. म्हणजे दरसाल १६० रुपये जादा. फेरआकारणी चार वर्षांनी होते. तोवर ६४० रुपये गेले!

म्हणून नमुना ८ चा उतारा काढा. माप, बांधकामाचा प्रकार, घराचं वय व वापर पडताळा. जुन्या मातीच्या घराला पक्कं, किंवा गोठ्याला दुकान लिहिलंय का, बघा.

आकारणी यादी लागली की मुदतीत ग्रामपंचायतीकडे लेखी हरकत द्या, पोच घ्या. समाधान न झाल्यास पंचायत समितीकडे अपील करता येते. पुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. तोंडी तक्रारीची कुठंच नोंद होत नाही.

रास्त पट्टी वेळेत भरावी. गावच्या सोयी त्यावरही चालतात. पण चुकीची मुकाट्यानं भरू नये.

— ऊस विकास अधिकारी