कणकेची चिमणी, नाचणीचं कासव

चपात्या लाटताना मूल पोळपाटाजवळ येतं आणि कणकेचा गोळा मागतं. आई चिमणी करून देते. ती मळक्या हातांत फिरते आणि अर्धी कच्चीच तोंडात जाते. घराघरातला हा खेळ आम्ही काही रविवारांपासून वस्तीतल्या ३ ते ६ वर्षांच्या मुलांबरोबर खेळतो आहोत.

पहिल्याच दिवशी एका आजींनी अडवलं. "सिस्टर, अन्नाचा खेळ मांडता व्हय? बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सुकडीवर दिवस काढले." त्यांचं खरंच होतं. तेव्हा ठरवलं, जे घडवायचं ते शिजवून खायचं. कागदावर डाळी-तांदूळ चिकटवून चित्रं काढणं आम्ही करत नाही.

चिमणी कच्ची खाऊ देऊ नका. कच्च्या पिठात जुलाब करणारे जंतू असू शकतात. चिमणी चपटी करा, म्हणजे तव्यावर आतपर्यंत भाजेल. बिटाच्या रसात कणीक मळली की गुलाबी होते, उकडून वाटलेल्या पालकाने हिरवी, चिमूटभर हळदीने पिवळी. दुकानातला सुटा रंग नको. भाजल्यावर बिटाचा रंग विटतो आणि मुलं हिरमुसतात, म्हणून आधीच सांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी शी-शू लालसर दिसली तर घाबरू नका, बहुधा तो बिटाचाच रंग असतो. (एक आई याच काळजीने धावत आली होती.)

कासवासाठी वाटीभर नाचणीचं पीठ मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजा. त्यात दोन चमचे शेंगदाण्याचं बारीक कूट आणि चमचाभर तेल घाला. पाव वाटी गूळ थोड्या पाण्यात उकळून गाळा आणि लागेल तसा ओतून घट्ट गोळा करा. निवल्यावरच मुलांच्या हाती द्या. १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. शेंगदाण्याने अंगावर गांधी उठत असतील त्या मुलाला कूट नको.

कासवाचे डोळे तिळाचे करा. अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे ५ वर्षांखालच्या मुलाला देऊच नका. वॉर्डात असताना अडीच वर्षांच्या एका मुलाच्या श्वासनलिकेत अडकलेला अर्धा दाणा दुर्बिणीने काढताना आम्ही पाहिला आहे. तीन दिवस घरचे त्याला खोकल्याचं औषध पाजत होते. मुलांना खाली बसवूनच खाऊ द्या, पळताना नाही.

घास अडकून मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. पाणी पाजू नका, घशात आंधळेपणाने बोट घालू नका. आवाजच निघत नसेल तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने ५ जोरदार थापा मारा. वर्षापुढच्या मुलाला तरीही श्वास येत नसेल तर मागून कवेत घ्या आणि बेंबीच्या वर मुठीने ५ वेळा आत-वर दाबा. घास निघेपर्यंत दोन्ही आलटून पालटून करत राहा. दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा.

खेळाआधी हात साबणाने धुवा, नखं कापा. नखांखालचं पीठ पोटातच जातं.

गेल्या रविवारी पालक ताटाबाहेर ढकलणाऱ्या एका चार वर्षांच्या मुलाने हिरव्या सापाचं शेपूट खाल्लं. डोकं मात्र बहिणीसाठी कागदात बांधून नेलं.