दुसरी काचपट्टी

न्यूरोइम्युनॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ मॅडमनी थंड पेटीतून दोन नळ्या काढल्या. एकीत रक्तातलं सीरम, दुसरीत पाठीतून काढलेलं पाणी. सीरम त्यांनी दहापट पातळ केलं, पाठीतलं पाणी आहे तसंच घेतलं आणि पिपेटने काचपट्टीच्या चौकटींवर थेंब सोडले. प्रत्येक चौकटीतल्या पेशींवर मेंदूतलं एकेक प्रथिन मुद्दाम वाढवलेलं असतं. रुग्णाच्या अँटीबॉडी ज्या प्रथिनावर उलटल्या आहेत, तिथेच चिकटतात. अर्ध्या तासाने पट्टी धुवायची, चमकणाऱ्या रंगाची अँटीबॉडी घालायची, पुन्हा धुवायची. सगळं कसब या धुण्यात आहे. ते घाईत उरकलं, तर न चिकटलेलंही मागे राहतं आणि नको तिथे हिरवं दिसतं.

अंधाऱ्या खोलीत, सूक्ष्मदर्शकाखाली एनएमडीए रिसेप्टरची चौकट हिरवी उजळली. बाकीच्या काळ्या. रुग्णाचे भ्रम, फिट्स, तोंडाच्या विचित्र हालचाली, सगळ्याचा उलगडा झाला. २००७ साली जोसेप दाल्माऊ आणि सहकाऱ्यांनी या अँटीबॉडीचं लक्ष्य ओळखलं, त्याआधी असे कितीतरी रुग्ण मनोरुग्ण म्हणूनच राहिले असतील.

मॅडम मात्र नमुन्यांसोबत आलेल्या अर्जाकडे पुन्हा वळल्या. तळाशी एक ओळ होती : एका डोळ्याने अंधुक दिसतं.

"हे एनएमडीएचं नाही वाटत," म्हणत त्यांनी दुसरी पट्टी घेतली, मॉग आणि अ‍ॅक्वापोरिन-४ या प्रथिनांची. सीरममध्ये मॉगही हिरवं निघालं.

एकाच शरीरात दोन आजार! २०१४च्या एका अभ्यासात एनएमडीएच्या ६९१ रुग्णांपैकी २३ जणांत नसांवरचं मायलिनचं आवरण झडण्याचा आजारही सापडला होता; काहींना दोन्ही एकदम, काहींना मागेपुढे. प्रमाण थोडं, पण दुसरा आजार नजरेतून सुटला, तर महागात पडतं. अ‍ॅक्वापोरिनचा आजार पुन्हा पुन्हा उलटतो, दृष्टी आणि पाय घेऊन जातो. त्याला वर्षानुवर्षं औषध लागतं. एनएमडीएच्या बहुतेकांना तितकं लागत नाही. शिवाय एनएमडीएचा भरवशाचा पुरावा पाठीतल्या पाण्यात, तर मॉग आणि अ‍ॅक्वापोरिनचा मुख्यतः रक्तात. एकच नळी पाठवली, तर अर्धं उत्तर हुकू शकतं.

घरात असा रुग्ण असेल, तर डॉक्टरांना सगळं सांगा, वर्षापूर्वी दुखून गेलेला डोळा किंवा बधिर झालेले पायसुद्धा. अहवालासाठी उपचार थांबवू नका. पण इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं सुरू होण्याआधी दोन्ही नमुने घेतले का, एवढं जरूर विचारा.