पाठीचा वारा फसवा असतो

बोरिवलीहून खाडी ओलांडून गोराईला जाणाऱ्या लाँचमध्ये तुमच्यापैकी अनेकजण कधी ना कधी बसलेच असतील. उन्हाळ्यातील एखाद्या दुपारी, चारच्या सुमारास, हा प्रवास मुद्दाम करून पाहा. गोराईकडे जाताना समुद्रावरचा वारा समोरून येतो. केस विस्कटतात, टोपी हाताने धरावी लागते. तासाभराने त्याच लाँचने परत या. आता शेजारचा उतारू घाम पुसत म्हणतो, "वारा पडला वाटतं!" तुम्हालाही तसेच वाटते. पण जरा काठावरच्या तिवरांकडे पाहा. त्यांची पाने मघासारखीच हलत आहेत. नांगरून ठेवलेल्या मच्छिमार होड्यांवरची निशाणे मघासारखीच उडत आहेत. लोंबते आहे ते फक्त आपल्या लाँचवरचे निशाण! म्हणजे वारा पडलेला नाही. मग झाले काय?

उत्तर सोपे आहे. समजा, वाऱ्याचा वेग सेकंदाला ५ मीटर आहे आणि लाँचचा ३ मीटर. वाऱ्याच्या विरुद्ध जाताना आपल्याला ५ + ३ = ८ मीटरचा वारा लागतो. वाऱ्याबरोबर जाताना ५ − ३ = २ मीटरचा. हा झाला 'भासमान वारा'. पाठ्यपुस्तकात सापेक्ष वेगाचा जो धडा आहे, तोच इथे आपल्या केसांशी खेळत असतो.

आता पुढची पायरी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर दर सेकंदाला दुप्पट हवा आपल्यावर आदळते. शिवाय ती दुप्पट वेगाने आदळते. म्हणून तिचे बल दुप्पट नव्हे, चौपट होते. बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आपल्या उदाहरणात जाताना ८ चा वर्ग ६४, येताना २ चा वर्ग ४. वारा तोच, माणूस तोच, पण बलात फरक सोळापट! लाँचमध्ये फार तर टोपी उडेल. शिडाच्या होडीत मात्र हा फरक न ओळखणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

पाठीच्या वाऱ्यावर जगप्रदक्षिणा

यंत्रे नव्हती तेव्हा आपल्या किनाऱ्यावरचे कोळी बांधव पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यावर बाहेर पडत आणि दुपारनंतर समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यावर घरी परतत. दोन्ही वेळा वारा पाठीशी! आज मासेमारीच्या होड्या यंत्रावर चालतात, पण शिडाची विद्या संपलेली नाही. गोव्याच्या दिवाडी बेटावरील गोदीत बांधलेली 'तारिणी' ही भारतीय नौदलाची ५६ फुटी शिडाची नौका त्याची साक्ष आहे. २ ऑक्टोबर २०२४ रोजी लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघीच तारिणीवरून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ रोजी परतल्या. त्याआधी याच नौकेने २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना जगाभोवती नेऊन आणले होते. तिची थोरली बहीण 'म्हादेई' हीसुद्धा गोव्याचीच. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये एकट्याने प्रदक्षिणा केली. दोघेही मुंबईहून निघाले होते.

नकाशा उघडून तारिणीचा मार्ग पाहा. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटल्टन, दक्षिण अमेरिकेचे केप हॉर्न, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली, मग केप टाऊन. दक्षिण महासागरातील सारा प्रवास पश्चिमेकडून पूर्वेकडे. हे असे का? दक्षिणेस ४० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात जोरदार पश्चिमी वारे वाहतात आणि त्यांना अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. पूर्वेकडे निघालेल्या नौकेला तो वारा आठवडेच्या आठवडे मागून किंवा मागच्या बाजूने मिळतो.

मोठे शीड का मिटते?

वारा पाठीशी असला, की शिडाचे काम अगदी साधे दिसते. छत्रीसारखे उघडायचे आणि ढकलले जायचे. पण इथे दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण आपण पाहिलीच. होडी जितकी वेगाने पळेल, तितका भासमान वारा कमी होतो. होडीचा वेग वाऱ्याइतका झाला तर भासमान वारा शून्य, ढकलणेही शून्य. म्हणून नेमका वारा पाठीशी घेऊन जाणारे साधे शीड होडीला वाऱ्यापुढे काढू शकत नाही. उरलेल्या मंद वाऱ्यातून पुरेसे बल मिळवायचे, तर शिडाचे क्षेत्रफळ वाढवायला हवे. त्यासाठी पातळ नायलॉनचे, फुग्यासारखे फुगणारे प्रचंड शीड डोलकाठीच्या पुढे लावतात. त्याचा एक प्रकार म्हणजे 'जेनेकर'. होडीच्या नाकावरच्या 'जेनोआ' या शिडाचे आणि फुग्यासारख्या 'स्पिनेकर' शिडाचे हे मिश्रण; नावही दोघांची जोडणी करूनच झालेले. त्याचा वरचा कोपरा डोलकाठीच्या माथ्याकडे, खालचा पुढचा कोपरा होडीच्या नाकाशी आणि तिसरा कोपरा दोराने मागे धरलेला असतो.

दुसरी अडचण सावलीची. वारा मागच्या कोपऱ्यातून, तिरका येतो तोवर जेनेकर उत्तम फुगतो. पण वारा नेमका पाठीशी आला, की डोलकाठीमागचे मुख्य शीड मध्ये उभे राहते. उन्हात भिंतीची सावली पडते तशी मुख्य शिडाची 'वाऱ्याची सावली' जेनेकरवर पडते. मग ते भले मोठे कापड मिटते, लोंबते, आणि लाटेवर होडी डोलली की फटकन पुन्हा उघडते. असे फटके खाऊन कापड फाटते किंवा नाकाजवळच्या तारेला गुंडाळले जाते.

उपाय काय? मुख्य शीड डावीकडे पसरलेले असेल, तर जेनेकर ओढून उजवीकडे, सावलीबाहेर आणायचा. पण शीड म्हणजे कापड. ते दोराने ओढता येते, ढकलता येत नाही. दोर बांधायला होडीच्या बाजूला, पाण्यावर, काहीच नाही! म्हणून डोलकाठीपासून बाहेरच्या बाजूला एक मजबूत नळी आडवी उभारतात. खलाशी तिला 'पोल' म्हणतात. जेनेकरचा पुढचा कोपरा नाकावरून सोडवून या पोलच्या टोकाशी आणला, की शीड पक्ष्याच्या दुसऱ्या पंखासारखे उघडून राहते. चाळीच्या गॅलरीतून बाहेर काढलेला कपड्यांचा बांबू आठवा. काम तेच, फक्त इथला 'कपडा' शंभर चौरस मीटरचा असू शकतो.

तीन दोर आणि कपड्यांची दोरी

पोलचे आतले टोक डोलकाठीवरच्या कड्यात अडकवतात. बाहेरचे टोक मोकळे, म्हणून ते तीन दोरांनी जखडतात. एक दोर डोलकाठीवरून येऊन टोकाला वर तोलून धरतो. दुसरा खाली, पुढच्या डेकवर जातो. शीड फुगून वर उचलले गेले, तर पोलला आकाशाकडे जाऊ देत नाही. तिसरा मागे, होडीच्या शेपटाकडे जातो. शीड टोकाला पुढे ओढते, ती ओढ हा तिसरा दोर सोसतो. तिन्ही दोर ताणले, की शीड नसतानाही पोल जागचा हलत नाही. म्हणूनच नियम असा, की पोल आधी, शीड नंतर. आणि उतरवताना शीड आधी, पोल नंतर. शीड चढवताना व उतरवताना होडी किंचित वळवून त्याला मुद्दाम मुख्य शिडाच्या सावलीत ठेवतात. मघाशी जी सावली शत्रू होती, तीच आता मित्र होते.

तिसऱ्या दोराचे गणित पाहण्यासारखे आहे. घरची कपड्यांची दोरी जितकी ताठ बांधावी, तितकी ती ओल्या चादरीने तुटण्याची भीती अधिक, हे आईला विचारा. कारण जवळजवळ आडव्या दोरीतून वरच्या दिशेने फारच थोडा घटक मिळतो. तेवढ्यासाठी ताण मात्र प्रचंड लागतो. पोलचेही तसेच. समजा, शीड पोलच्या टोकाला पोलशी काटकोनात १००० न्यूटन बलाने ओढते आहे. मागचा दोर पोलशी ६० अंशांचा कोन करत असेल, तर दोरातील ताण १००० ÷ साइन ६०, म्हणजे सुमारे ११५५ न्यूटन. आणि पोलवर लांबीच्या दिशेने दाब सुमारे ५७७ न्यूटन. आता पोल पुढे, नाकाकडे सरकू दिला आणि कोन १५ अंशांचा झाला असे समजा. ताण होतो सुमारे ३८६० न्यूटन आणि पोलवरचा दाब सुमारे ३७३० न्यूटन! शिडाचे बल तेवढेच, पण पोल साडेसहापट जोराने डोलकाठीवर रेटला जातो. लांब, बारीक नळी अशा दाबाखाली मधेच वाकते. म्हणून जाणता खलाशी पोल पुढच्या तारेला टेकू देत नाही. वारा तितका पुढे येण्याआधीच शीड उतरवतो.

खरा धोका वळताना

आता मूळ प्रश्नाकडे या. समजा वारा सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर आहे. होडी त्याच्याबरोबर ४ मीटर वेगाने पळते आहे. डेकवर लागतो फक्त ६ मीटरचा वारा. ऊन छान, होडी सरळ, मोठे शीड फुगलेले. अशा वेळी कोणी पाण्यात पडले तर? होडी वळवावी लागणार. ती वाऱ्याशी काटकोनात आली आणि वेग तोच राहिला, तर भासमान वारा पायथागोरसच्या नियमाने १०० + १६ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १०.८ मीटर. बलांचे प्रमाण ११६ : ३६, म्हणजे सव्वातीनपट! आणि हे बल आता होडीला पुढे ढकलण्याऐवजी मुख्यतः आडवे पाडू पाहते. आणखी वळून वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन केला, तर भासमान वारा सुमारे १३ मीटर होतो, बल जवळजवळ पाचपट. जे शीड क्षणापूर्वी गरीब गाईसारखे होते, ते आता दोघींना काय, दहा जणांनाही आवरणार नाही.

वारा कमी वाटतो म्हणून शीड ठेवले, आणि वारा वाढला आहे हे फार उशिरा कळले, अशी ही फसवणूक आहे. तिच्यावर उपाय एकच. अंगाला काय वाटते यावर विश्वास न ठेवता हिशेब करायचा. यंत्र भासमान वारा दाखवते. त्यात होडीचा वेग मिळवायचा आणि मिळालेल्या खऱ्या वाऱ्यात आपण वळू शकू का, हे स्वतःला विचारायचे. उत्तर 'नाही' असेल, तर शीड उतरवण्याची वेळ होऊन गेली आहे.

सरळ की नागमोडी?

पोल न लावताही एक मार्ग असतो. वारा नेमका पाठीशी न घेता, थोडे तिरके, नागमोडी जायचे. दर वेळी सरळ दिशेपासून ३० अंश वळलो, तर अंतर १ ÷ कोसाइन ३०, म्हणजे १.१५५ पट होते. सरळ जाताना वेग ताशी १४.४ किलोमीटर असेल, तर नागमोडी वाटेवर तो १६.६ च्या वर गेला तरच फायदा. हलक्या, चपळ होड्यांचा वेग तिरक्या वाऱ्यात इतका वाढतो. त्या पोल वापरतच नाहीत. जड, प्रवासी होडीचा वेग तेवढा वाढत नाही. शिवाय प्रत्येक वळणाला शिडे एका बाजूकडून दुसरीकडे न्यावी लागतात, आणि माणसे कमी असली तर ते थकवणारे काम आहे. तिथे पोल लावून सरळ जाणे शहाणपणाचे ठरते.

करून पाहा

एक मोठा रुमाल तिरका दुमडून त्रिकोण करा. टेबलपंख्यासमोर तो एका कोपऱ्याने टांगा आणि खालचे दोन कोपरे बारीक दोऱ्यांनी पंख्याकडे ओढून धरा. दोन्ही दोरे जवळजवळ ठेवलेत तर रुमाल मिटतो. आता एक कोपरा फूटपट्टीच्या टोकाला बांधून बाजूला ढकला. रुमाल लगेच पोट काढून फुगेल. मग पंखा आणि रुमाल यांच्यामध्ये, एका बाजूला, एक पुठ्ठा धरा. सावलीत कोणता भाग लोंबतो आणि फूटपट्टी कुठे नेल्यावर तो पुन्हा फुगतो, ते पाहा.

आणि एक उदाहरण स्वतः सोडवा. वारा सेकंदाला १२ मीटर आणि होडी त्याच दिशेने ५ मीटर वेगाने जात आहे. तीच होडी त्याच वेगाने काटकोनात वळली, तर शिडावरचे बल किती पट होईल? उत्तर आले, की पुढच्या खेपेस गोराईहून परतताना "वारा पडला" म्हणणाऱ्या शेजाऱ्याला आधी तिवरांची पाने दाखवा, आणि मग ते गणित.