जयपुरात बसून ‘जयपूर’!

बोर्डगेमवाले आम्ही सगळे वीकेंडला जयपूरला जमलो, म्हटल्यावर पहिला डाव ‘जयपूर’चाच! स्विस डिझायनर सेबास्तियन पोशों यांचा हा २००९ चा खेळ, फक्त दोघांसाठी. ५५ पत्ते, त्यांत ११ उंट. हिरे, सोनं, चांदी, कापड, मसाले, चामडं जमवायचं आणि विकायचं. आधी विकणाऱ्याला चढा भाव. थांबून तीन, चार, पाच पत्ते एकदम विकले तर वर बोनस. जीव अडकतो तो इथेच! उंटांबाबत मात्र सांभाळा. बाजारातले सगळे उंट उचललेत की त्यांच्या जागी नवा माल येतो, आणि त्यावर पहिला हात समोरच्याचा. नवख्या मित्राला शिकवायला याहून चांगला खेळ मला माहीत नाही. अर्ध्या तासात डाव संपतो, मग जोहरी बाजार आहेच.