आईची शिदोरी

रिहे खोऱ्यात दमदार पाऊस झाला, की भातखाचरांत रात्रभर डरांव डरांव. सकाळी बांधालगत पारदर्शक जेलीत काळपट अंडी दिसतात.

त्या इवल्या ठिपक्यात केवढी घाई! झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या गर्भात पहिल्या विभाजनानंतर साधारण दर अर्ध्या तासाला पेशी दुप्पट होतात. प्रत्येक नवा डीएनए गुंडाळायला हिस्टोन प्रथिनांची रिळं हवीत, आणि गर्भाची स्वतःची जनुकं तर अजून जवळपास मुकी. मग? आईनं अंड्यात तयार हिस्टोन भरून ठेवलेले असतात, शिवाय ते बनवण्याचे आरएनए-निरोपही. एसएलबीपी-2 हे प्रथिन त्या निरोपांना कुलूप घालतं. अंडं पक्व होताना ते उघडतं.

सुमारे 12 विभाजनांनंतर, चारेक हजार पेशींना, ही शिदोरी तोकडी पडते. तेव्हाच गर्भाची जनुकं जोमानं बोलू लागतात. एच3-एच4 हिस्टोनचं डीएनएशी असलेलं प्रमाणच ही वेळ ठरवतं, हे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं.